ओफुमीची कादंबरी

निशी-कसाई स्टेशनातून बाहेर पडून आमच्या बिल्डिंगकडे वळलं की एका जुन्या दवाखान्याच्या कुंपणात किनमोकुसेईचं झाड आहे. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सप्टेंबर सरता सरता एका सकाळी अख्खी गल्ली वासाने भरून जाते, आणि मग लोक थांबून वर बघतात. देठापाशी लपलेली बारीक केशरी फुलं, आणि वास पिकल्या जर्दाळूसारखा. बायका तोंडावरचा मास्क खाली ओढून तो वास घेतात, शरद ऋतू आला म्हणून एकमेकींना सांगतात. काल तो वास आला तेव्हा माझ्या हातात भाजीच्या पिशव्या होत्या. माझे खांदे आपोआप आवळले गेले. तीन वर्षं झाली, पण या वासाबरोबर मला अजून फोन वाजल्याचा भास होतो.

त्या शरदात दोन गोष्टी एकदम घडत होत्या. आकाशात एकामागून एक वादळं येत होती, आणि माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरं लिहून होत होतं.

माझ्या नवऱ्याला, निखिलला, त्याच्या कंपनीने थोड्या काळासाठी म्हणून तोक्योला पाठवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची मुलगी सई इथेच शाळेत गेली. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. सकाळी मी सुपरमार्केटच्या तयार पदार्थांच्या विभागात काम करते. इथे अशा अर्ध्या दिवसाच्या कामाला बाइतो म्हणतात. बटाट्याचे क्रोकेट तळायचे, डब्यात भरायचे, किमतीची चिकटपट्टी लावायची. आणि दुपारी लिहायचं. लिहायचं म्हणजे काय, तर पुण्याच्या एका पुरवणीत कधीतरी एखादा लेख, एका मासिकात एक कथा, बाकी सगळं 'साभार परत'. निखिल वाईट माणूस नाही. 'तुझं ते लिखाण' असं म्हणतो. त्यातला 'ते' त्याला ऐकू येत नाही, मला येतो.

वॉर्डाच्या सभागृहात परदेशी लोकांसाठी जपानीचा वर्ग चालतो. होशिनो-सान तिथे विनामोबदला शिकवायच्या. ऐंशी ओलांडलेली, ताठ कण्याची, निवृत्त शाळामास्तरीण. 'सेन्सेई म्हणू नका, ते शाळेबरोबर संपलं,' असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकदा त्यांनी प्रत्येकाला इच्छेबद्दल एक वाक्य करायला लावलं. नेपाळी मुलाला हॉटेल काढायचं होतं, चिनी बाईंना डोंगर चढायचा होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला लेखिका व्हायचं होतं.

होशिनो-सान फळ्यापाशी थांबल्या. "होतं, की आहे? जपानीत हा फरक छोटा आहे, पण आहे."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. माझे कान तापले. "आहे," मी म्हटलं.

वर्ग सुटल्यावर गळ्याभोवती रुमाल गुंडाळता गुंडाळता त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या की त्यांच्या आजीचंही शेवटपर्यंत 'आहे'च होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी त्यांनी मला घरी चहाला बोलावलं, आणि मग मी दर गुरुवारी जाऊ लागले. दोन उंच इमारतींच्या बेचक्यात त्यांचं जुनं, बसकं घर होतं, अराकावा नदीच्या बांधापासून जवळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं की बांध घराच्या छपरापेक्षा उंच दिसायचा. नदी आपल्या डोक्याच्या वरून वाहतेय हे तिथे बसलं की पक्कं कळायचं. होशिनो-सान भाजक्या पानांच्या चहाबरोबर उकडलेली रताळी द्यायच्या आणि आजीबद्दल सांगायच्या. मला एखादं वाक्य कळलं नाही, तर तेच वाक्य सोपं करून पुन्हा सांगायच्या, तरीही नाही कळलं तर उठून हातवारे करून दाखवायच्या.

आजीचं नाव फुमी. तेव्हा बायकांच्या नावाआधी 'ओ' लावायची रीत, म्हणून ओफुमी. एकोणिसाव्या शतकाची शेवटची वर्षं. तोक्योच्या उत्तरेला नदीकाठच्या एका गावात तिच्या वडिलांचा कापडाला निळीचा रंग द्यायचा कारखाना होता. जमिनीत पुरलेले निळीचे रांजण, त्यावरचा फेस, आंबलेला वास. घरातल्या सगळ्यांची बोटं निळी, नखं निळी. नव्या सरकारच्या नव्या शाळेत ओफुमी शिकली, आणि मग तिला लिहायचा नाद लागला. हे ऐकताना मला माझ्या पणजीची आठवण आली. ती साधारण त्याच काळातली. तिला वाचता येतं हे तिने सासरी कित्येक वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं म्हणे. मी हे सांगितल्यावर होशिनो-सानना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "आणि लिहिता?" ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

गावात सेगावा नावाचा एक तरुण चार पानी साप्ताहिक चालवायचा. पुरात रंगाऱ्यांचं कसं नुकसान झालं यावर ओफुमीने एक लेख लिहून नाव न घालता पाठवून दिला. तो छापला आणि लेखक कोण ते शोधत सेगावा कारखान्यात आला. त्याला वाटलं होतं, इथला कारकून असेल. वडील हसले आणि त्यांनी पडद्याआडच्या मुलीला हाक मारली.

पुढे तिच्या कथा त्या साप्ताहिकात येऊ लागल्या, पुरुषाच्या नावाने. नाव त्यानेच शोधलं होतं. तिने फार वाद घातला नाही, नावाचं पुढे बघू असं ठरलं. दर आठवड्याला धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन ती छापखान्यात कागद पोचवायला जायची. कागद हातात घेण्याआधी सेगावा बोटांची शाई चिंधीने पुसायचा, तरी डाग पडायचेच. मग तो म्हणायचा, तुमची निळी, माझी काळी, आपल्या दोघांना भल्या घरात कोण चहा देणार! होशिनो-सान हे सांगताना स्वतःची बोटं वर धरून दाखवायच्या. त्यांच्या आजीने त्यांना असंच दाखवलं होतं, सत्तरीत, निळा रंग कधीच निघून गेलेल्या बोटांनी.

त्या दोघांनी एकमेकांना कधी स्पर्श केला नाही. पण तोक्योला जाताना तो म्हणाला, "मी आधी जातो, जागा करतो, मग तुम्हाला बोलावतो." त्या काळच्या रीतीत एवढं बोलणं म्हणजे सगळंच बोलणं. घरच्यांनीही तसंच समजून घेतलं. चांगली स्थळं आली ती परत गेली. सेगावाची पत्रं आधी लांबलचक होती, मग आखूड झाली, मग नववर्षाच्या शुभेच्छांपुरती उरली. ओफुमी त्या काळात कादंबरी लिहीत होती. किनू नावाची रेशमाच्या गिरणीत कामाला असलेली मुलगी, एका माणसाने तिला दिलेला शब्द, त्याने तो मोडणं. शेवटी किनू पहाटे नदीवर जाते, तोंड धुते, नावाड्याला हाक मारते आणि पलीकडच्या तीरावर काम शोधायला निघून जाते. एवढीच कादंबरी. ती पुरी झाल्यावर बाड कापडात बांधून ओफुमी तोक्योला गेली.

"आणि?" मी विचारलं होतं.

"ते जमलं नाही," होशिनो-सान म्हणाल्या आणि रताळ्याची सालं गोळा करायला लागल्या.

मला एवढंच कळलं की सेगावाचं लग्न झालेलं होतं, ओफुमी परत आली, मुलींना शिवण शिकवत राहिली आणि बरंच वय झाल्यावर एका विधुर छत्रीवाल्याशी तिचं लग्न झालं. ती तोक्योत राहायला आली. मोठ्या भूकंपानंतर शहर जळलं त्यात घराबरोबर ते बाडही जळलं. पण कादंबरी तिला तोंडपाठ होती. युद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत नातीच्या शेजारी बसून शेंगा सोलता सोलता तिने ती प्रकरणाप्रकरणाने सांगितली. ती नात म्हणजे होशिनो-सान.

मी हे सगळं मराठीत लिहून काढलं. क्रोकेट तळताना वाक्यं सुचायची, ती हातमोज्यातल्या हाताने लिहिता यायची नाहीत, म्हणून घरी येईपर्यंत पुटपुटत यायचे. लेख पुरा झाला आणि धीर करून तो एका मोठ्या दिवाळी अंकाकडे पाठवला. वेळ टळून गेलेली होती. पण कुणा नावाजलेल्या लेखकाचा मजकूर आयत्या वेळी आला नव्हता, आणि संपादकांनी स्वतः फोन केला. त्यांचा आवाज ऐकताना मी सुपरमार्केटच्या मागच्या दारात, रिकाम्या खोक्यांच्या रांगेत उभी होते. कुठून तरी किनमोकुसेईचा वास येत होता.

ते फार सौम्यपणे बोलले. लेखन सुरेख आहे, निळी बोटं तर विसरता येत नाहीत, असं म्हणाले. मग म्हणाले, "पण मेधाताई, शेवट सांडतो हो. बाई परत येते, छत्रीवाल्याशी लग्न करते, म्हातारी होते. वाचकाला काय मिळालं? तिने ती कादंबरी स्वतःच्या हाताने जाळली आणि त्याच नदीत उतरली, असं करा. वाचक अंक मिटून बसून राहील."

मी म्हटलं की ही खरी बाई होती.

"नाव बदला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची, जपानमधली बाई. कोण विचारायला येणार आहे? अंक छपाईला जातोय, दोन दिवसांत कळवा."

मी नाही म्हटलं नाही. विचार करते म्हटलं. घरी आले आणि त्याच दुपारी तो शेवट लिहून बघितला, नुसता बघायला. ओफुमी पानं एकेक करून निळीच्या रांजणाखालच्या विस्तवात टाकते. मग नदी. लिहून झालं, आणि मी ते दोनदा वाचलं. तो शेवट चांगला होता. हीच तर अडचण होती. वाईट असता तर फाडून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी वादळाची सूचना आली. हे वादळ मोठं होतं. निखिल कामासाठी नागोयाला गेला होता, गाड्या बंद झाल्या आणि तो तिथेच अडकला. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दिवसरात्र उघड्या दुकानात, पाव, पाणी, बॅटऱ्या सगळं संपलं होतं, फडताळं रिकामी. सईने आणि मी खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या, कपडे वाळत घालायच्या काठ्या आत घेतल्या, न्हाणीचा टब भरून ठेवला. आमचा हा सगळा भाग नदीच्या पातळीखाली आहे हे इथे लहान मुलांनाही शाळेत शिकवतात. आम्ही सातव्या मजल्यावर. होशिनो-सान तळाला, बांधाच्या सावलीत.

त्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, मी ठीक आहे, असली वादळं पुष्कळ पाहिली आहेत. मी रेनकोट चढवला आणि निघाले. वारा असा होता की छत्री उघडण्यात अर्थ नव्हता. दवाखान्याच्या कुंपणापाशी झाड पार झोडपलं गेलं होतं आणि गटारातून केशरी फुलांचा थर वाहत चालला होता. वॉर्डाच्या भोंग्यावरून कुणीतरी शांत आवाजात पुन्हा पुन्हा काहीतरी सांगत होतं, वारा त्यातले शब्द तोडून नेत होता. होशिनो-सान दार उघडून बघतच राहिल्या. मी नीट जपानी बोलायच्या भानगडीत पडले नाही. चला, एवढंच म्हटलं. त्यांनी देवघरातला आजीचा फोटो घेतला, औषधं घेतली आणि माझा दंड धरून निघाल्या.

संध्याकाळच्या आधीच अंधारून आलं. बिल्डिंग हलत होती, म्हणजे खरंच हलत होती, टबातलं पाणी हेलकावत होतं. मधूनच धोक्याच्या इशाऱ्याने घरातले सगळे फोन एकदम कर्कश ओरडायचे आणि सई दचकून माझ्याकडे बघायची. नदीची पातळी चढत होती. मी लॅपटॉप उघडला, कारण संपादकांना कळवायची मुदत उद्यावर आली होती, आणि लाइट गेले तर काहीच कळवता आलं नसतं. होशिनो-सान भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय लिहिताय. मी आजवर त्यांना एवढंच सांगितलं होतं की मी त्यांच्या आजीबद्दल लिहितेय. आता शेवटाबद्दलही सांगितलं. माझ्या मोडक्या जपानीत ते आणखीच उघडंवाघडं झालं: माणूस म्हणतो, तुमची आजी मरू दे. मग छापतो.

मला वाटलं, त्यांचा अपमान झाला. मग त्यांनी तोक्योची गोष्ट सांगितली, जी त्या गुरुवारी त्यांनी रताळ्याच्या सालांबरोबर बाजूला सारली होती.

ओफुमी पत्ता शोधत एका मोठ्या प्रकाशकाच्या घराशी पोचली आणि तिने सेगावा कुठे असतात ते विचारलं. दारावरची मोलकरीण म्हणाली, सेगावा नावाचं इथे कुणी नाही. तेवढ्यात तोच आतून आला. प्रकाशकाला मुलगा नव्हता. मुलीशी लग्न करून सेगावा तिथे घरजावई झाला होता, आणि इथल्या रीतीप्रमाणे त्याने सासऱ्याचं आडनाव घेतलं होतं. त्याने बाड ठेवून घेतलं, तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं. ती परत गेली तेव्हा त्याने तिला दिवाणखान्यात बसवलं. त्याची बायको चहा घेऊन आली आणि बाजूला बसून राहिली. ओफुमीने बघितलं, त्याची बोटं स्वच्छ होती.

कादंबरी छापता येईल, तो म्हणाला. पण किनू मेली पाहिजे. ती नदीवर जाते तिथेच संपवा, वाचकांना रडायचं असतं. आणि नाव अर्थात पुरुषाचं राहील.

ओफुमी म्हणाली, "मी तिला पाण्यापाशी नेलं ते होडी पकडायला."

मग तिने, बायको तिथे बसलेली असताना, एवढंच म्हटलं, "तुम्ही मला बोलावणार होतात."

"आज बोलावलंच की," तो म्हणाला.

होशिनो-सान थांबल्या. बाहेर काहीतरी पत्र्याचं उडून कुठेतरी आपटलं. सई माझ्या मांडीला बिलगून बसली होती आणि तीही ऐकत होती. तिला तर माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

ओफुमीने बाड बांधलं आणि ती उठली. तिला फाटकापर्यंत पोचवायला सेगावा आला नाही, त्याची बायको आली. ओफुमीला तिचं तोंडही बघायचं नव्हतं. आजी सांगायची, त्या क्षणी मला त्या बाईचा इतका राग आला होता की डोळ्यांसमोर अंधार आला. आणि फाटकात ती बाई खालच्या आवाजात म्हणाली, "काल मी चोरून वाचली. पलीकडे गेल्यावर किनूला काम मिळतं का?"

ओफुमीने याचा विचारच केला नव्हता. तिची कादंबरी नदीपाशी संपत होती. पण ती म्हणाली, मिळतं. आणि गावी परतल्यावर तिने पुढची प्रकरणं लिहिली. ज्या बाईने तिची जागा घेतली होती तिच्या एका प्रश्नासाठी लिहिली, आणि ती त्या बाईला कधीच वाचायला मिळाली नाहीत.

मी लॅपटॉपवरून हात काढून घेतले होते. मला वाटलं, आता कळलं काय करायचं ते. म्हणून मी मोठ्या उत्साहाने म्हटलं की तुमच्या आजीने बरोबर केलं.

होशिनो-सान माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिला तसं नेहमी वाटायचं नाही. म्हणायची, किनूला बुडू दिलं असतं तर किनू छापली गेली असती. आज ती कुठेच नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही. तुम्ही माझ्या आजी नाही."

लाइट गेले नाहीत. गेले असते तर बरं झालं असतं असं मला त्या संध्याकाळी वाटत होतं. नदी बांधाच्या आतच राहिली, पाऊस ओसरला, सई होशिनो-सानच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी लेखात फाटकातल्या बाईचा प्रसंग घातला, शेवट होता तसाच ठेवला आणि पाठवून दिला. धैर्य वगैरे काही वाटलं नाही. कड्यावरून तोल जावा तसं वाटलं. पाठवल्यावर लगेच परत मागवावंसं वाटलं. सकाळी आकाश निळंशार होतं, रस्त्यात सायकली आडव्या पडल्या होत्या, आणि संपादकांचा निरोप आला होता. सभ्य, आखूड. या वर्षी जागा करता येत नाही याबद्दल दिलगिरी.

दिवाळीला कुणाच्या तरी सामानातून तो अंक आला. मी सगळा चाळला. माझ्या जागी काय आलं असेल याचा अंदाज बांधत बसले आणि मधुमेहींच्या फराळावरच्या लेखापाशी थांबले. निखिल नागोयाहून आल्यावर त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, थोडं ऐकलं असतंस त्यांचं तर? त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, मी स्वतःला रोज तेच विचारत होते. त्या दिवाळीत मी चकल्या केल्या, सगळ्यांकडे जाऊन आले, आणि सुपरमार्केटच्या शीतगृहात दार लावून एकदा पोटभर रडले. लोकांना वाटतं, असं काही ठामपणे केलं की आतून बळ येतं. येत नाही. बराच काळ नुसती पोकळी असते. ओफुमी गावी परतल्यावर तिने पुढची प्रकरणं लिहिली हे आपण एका वाक्यात सांगतो. त्या परतण्याच्या आणि लिहिण्याच्या मध्ये किती दिवस ती रांजणांपाशी नुसती बसून राहिली असेल, ते कुणी सांगत नाही.

वादळानंतर होशिनो-सानच्या मुलाने धास्ती घेतली. तो त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत मातीचा अभ्यास करतो. नदीकाठच्या घरात आईला एकटं ठेवायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि हिवाळ्याच्या तोंडाला त्या तिकडे गेल्या. आता तिथे रताळी नाहीत, बांध नाही. रुंद सरळ रस्ते, रस्त्याच्या कडेने झाडांच्या रांगा, सायकलवरून जाणारे विद्यार्थी. मी शनिवारी जलद गाडी पकडून जायला लागले. पहिल्या वर्षी त्यांनी मला किनूची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, सलग, आजीच्या शब्दांत. गिरणीतल्या वाफेचं प्रकरण, दिलेल्या शब्दाचं, नदीचं. मग पलीकडच्या तीरावरची प्रकरणं. मी प्रत्येक शनिवारचं मराठीत लिहून काढत होते. कोण छापेल हा विचार मी करत नव्हते, असं म्हणणार नाही. करत होते.

मग त्या अडखळायला लागल्या. आधी नावं गेली, मग प्रकरणांचा क्रम. किनू पलीकडच्या गावात गिरणीतल्या मुलींना अक्षरं शिकवायला लागते, इथपर्यंत आम्ही आलो होतो. त्याच्यापुढे आहे, पुष्कळ आहे, असं त्या म्हणायच्या आणि कपाळ दाबून धरायच्या. मी घाई करायचे नाही, पण आतून माझी तगमग व्हायची. ज्या एका डोक्यात ती कादंबरी शिल्लक होती तिथूनही ती माझ्या डोळ्यांसमोर चालली होती, आणि मला काही करता येत नव्हतं. मी प्रश्न विचारायचे तर त्या घाबऱ्या व्हायच्या. म्हणून प्रश्न विचारणं सोडलं.

गेल्या शनिवारी गेले तेव्हा त्यांची सून म्हणाली, आज कदाचित ओळखणार नाहीत. होशिनो-सान खिडकीपाशी बसल्या होत्या, कणा तसाच ताठ. मला बघून नम्रपणे मान लववली, अनोळखी माणसाला लववावी तशी. मग मीच किनूची गोष्ट सांगायला लागले. माझं जपानी अजूनही मोडकंच आहे. पण त्यातली कितीतरी वाक्यं त्यांचीच होती, त्यांनीच मला सोपी करून दिलेली. त्या पुढे झुकून ऐकत राहिल्या. किनूला शब्द देणाऱ्या माणसाचा त्यांना राग आला. मुलींच्या वर्गापाशी आल्यावर त्या हसल्या आणि शिक्षिकेने सुरुवात कशी करावी ते त्यांनी मला समजावून सांगितलं.

तिथे मी थांबले. त्यांनी विचारलं, "छान आहे. कुणी लिहिलं?"

"फुमी नावाच्या बाईंनी," मी म्हटलं.

"फुमी-सान." त्यांनी नाव हळूच म्हणून बघितलं, पण ते कुणाचं ते त्यांना आठवलं नाही. "त्यांना सांगा, इथे थांबू नका म्हणावं. पुढे काय झालं?"

पुढे काय झालं ते आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. सून दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. होशिनो-सान माझ्या तोंडाकडे बघत होत्या, वर्गात वाक्याची वाट बघायच्या तशा. मी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पुढचं प्रकरण सांगायला लागले.